विहिरीच्या तोंडाशी

ठाकुर्लीच्या त्या सोसायटीत नळाला दिवसाआड पाणी येई, उरलेलं टँकरवर भागे. बोअर मार्चमध्येच आटली होती. म्हणून सौमित्र पार्किंगमागच्या जुन्या विहिरीच्या मागे लागला होता. इमारत बांधताना बिल्डरने तिच्यावर स्लॅब टाकला होता. तो फोडायचा, गाळ काढायचा आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून पाइपने विहिरीत सोडायचं, म्हणजे विहीर भरेल आणि बोअरही जिवंत होईल, असं तो भेटेल त्याला सांगे. निम्म्या सभासदांना पटलं होतं. उरलेल्यांना त्यात फक्त डास दिसत होते.

रविवारी सकाळी त्यावर सभा होती. पाहणीसाठी माणूस जाईल एवढं भोक स्लॅबला आदल्या संध्याकाळी पाडलं होतं. सभेआधी सौमित्र बायकोला, नीरजाला, तिथे घेऊन गेला.

"झरा दिसतोय बघ," टॉर्च मारत तो म्हणाला. "खाली जाऊन व्हिडिओ काढतो. पाणी डोळ्यांनी बघितल्यावर कोण नाही म्हणेल?"

"उद्या गाळवाले बघायला येणारेत ना? ते काढतील."

"सभा आज आहे, नीरजा."

तिने हट्टाने त्याला कमरेला दोर बांधायला लावला. शेजारचा सुदेश दोर धरून उभा राहिला. सौमित्रची आई, वासंतीताई, सभेसाठी खाली आल्या होत्या, त्याही येऊन थांबल्या.

सौमित्र भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांवरून उतरू लागला. "नासक्या अंड्यांसारखा वास मारतोय," त्याचा आवाज घुमत वर आला. मग तो गप्प झाला. नीरजाने वाकून पाहिलं. तो एका पायरीला कवटाळून थांबला होता. तिने हाक मारली. त्याने वर बघायचा प्रयत्न केला आणि त्याचे हात सुटले.

"ओढ, सुदेश!"

सुदेशने ओढलं. दोर थोडा वर आला आणि अडकला. खाली एका वाकलेल्या पायरीत तो गुंतला होता. सौमित्र गाळात अर्धा बसलेला, मान छातीवर पडलेली.

सुदेशने चपला काढल्या. "मी सोडवून येतो, वहिनी. दोन मिनिटांचं काम."

तो भोकाकडे वळला तशी नीरजाने त्याचा शर्ट मागून दोन्ही हातांनी धरला. "नाही. आत गॅस आहे. तू पण पडशील."

"अगं, सोड त्याला!" वासंतीताई ओरडल्या. "माझा मुलगा आहे तो खाली!"

"माझा नवरा आहे, आई."

"मग जाऊ दे ना सुदेशला!"

सुदेश हिसका देत होता. शर्टाची शिवण उसवली तरी नीरजाने सोडलं नाही. एकामागोमाग एक विहिरीत उतरून मेलेल्या माणसांच्या बातम्या तिने वाचल्या होत्या. त्या वाचताना तिला नेहमी वाटे, दुसऱ्याला कुणी थांबवलं कसं नाही? आता कळत होतं.

पार्किंगमधून लोक धावत आले. कुणीतरी अग्निशमन दलाला फोन लावला. गाडी निघाली होती, पण पुलावर ट्रॅफिक होतं.

"आगीसाठीचा पाइप आणा!" नीरजा म्हणाली. "फवारा विहिरीच्या आतल्या भिंतीवर मारा. पाण्याबरोबर हवा खाली जाईल."

"टाकी रिकामी होईल," एक सभासद म्हणाला. "उद्यापर्यंत थेंब नाही मिळायचा."

"होऊ दे!" सुदेश त्याच्यावर खेकसला आणि पाइपाकडे धावला.

पाणी भिंतीवर आपटून धुक्यासारखं खाली जाऊ लागलं. नीरजाने दोर हातात घेतला. सरळ ओढून तो आणखी घट्ट होत होता. तिने तो ढिला सोडला, भोकाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथून झटका दिला. काही नाही. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा दोर पायरीतून निसटला आणि तिच्या हातांवर एकदम सगळं वजन आलं.

"धरा!"

चौघांनी मिळून त्याला वर घेतलं. ओठ निळे पडले होते. अग्निशमन दलाचे जवान पोचले तेव्हा सुदेश त्याची छाती दाबत होता.

ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये आयसीयूबाहेर वासंतीताई सुनेपासून एक खुर्ची सोडून बसल्या. त्या म्हणाल्या, "तू सुदेशला जाऊ दिलं असतंस, तर सौमित्र लवकर वर आला असता."

तेवढ्यात सुदेशची बायको रसिका डबा घेऊन आली. तिने डबा खाली ठेवला, नीरजाचे दोराने सोललेले तळवे हातात घेतले आणि रडू लागली. "वहिनी, तुम्ही त्यांना सोडलं असतं तर..." वासंतीताईंनी मान फिरवली. मग उठल्या, आणि मधल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसल्या.

सौमित्र वाचला. चालताना तोल जाई, नावं आठवायला वेळ लागे. तो घरी आल्यावर सभा झाली आणि बहुतेकांनी स्लॅब पुन्हा बंद करायची मागणी केली. नीरजा उभी राहिली.

"विहीर होऊ दे. पण यापुढे गॅस तपासल्याशिवाय, ब्लोअरने हवा दिल्याशिवाय आत कुणी उतरणार नाही. वर जाळी आणि कुलूप. तुम्हाला भीती वाटते, मला तुमच्यापेक्षा जास्त वाटते. तरी पाणी लागणारच आहे."

ठराव दोन मतांनी पास झाला.

जुलैत गच्चीचं पाणी पाइपातून गर्जत विहिरीत पडू लागलं. सौमित्र सुदेशच्या खांद्यावर हात ठेवून जाळीपासून लांबच उभा राहिला. नीरजा जाळीवर वाकून आत बघत होती. वासंतीताई पार्किंगच्या खांबाशी थांबल्या होत्या. त्यांना पुढे यायचं नव्हतं.

"नीरजा," त्यांनी तिथूनच विचारलं, "किती आलंय गं?"

"अर्ध्यावर आलंय, आई."

"बरं," त्या म्हणाल्या. "तू मागे हो बघू आता."