चार बोटं नायट्रोजन

अमरावतीत देवमाशाचं काय काम, हा प्रश्न माहेनूरला इतक्यांदा विचारला गेला होता की तिनं उत्तर द्यायचंच सोडलं होतं. खरं तर प्रश्न रास्तच होता. समुद्र वऱ्हाडापासून इतका लांब की इथली कितीतरी माणसं तो न पाहताच मातीत जातात. पण नशीब कोणाला कुठं नेऊन बसवेल याचा काही नेम आहे का? ही मालवाहू गाडीवाल्या रऊफभाईंची पोरगी, चपराशीपुऱ्यात वाढलेली, शिकून संशोधक झालेली, आणि हिच्या हातात आलं काय, तर देवमाशाचं कातडं.

कोकणच्या किनाऱ्याला एक मादी मरून लागली होती. माहेनूरनं नाकाला ओढणी बांधून स्वतःच्या हातानं तिच्या कातडीचा तुकडा कापला, अमरावतीच्या प्रयोगशाळेत आणला आणि त्यातल्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवल्या. मादी मेली ती मेलीच. तिच्या पेशी तेवढ्या जिवंत राहिल्या, करंगळीएवढ्या कुप्यांमध्ये, द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत थिजून.

अरबी समुद्रातले हे कुबडे देवमासे म्हणजे जगावेगळं घराणं. दुसरीकडचे कुबडे उन्हाळ्या-हिवाळ्याला हजारो मैल हिंडतात. हे आपला समुद्र सोडत नाहीत. जीव शंभरही असतील-नसतील. भावकी एवढीशी आणि सोयरीक सगळी भावकीतच, मग रक्त पातळ व्हायला किती वेळ? आईकडून लेकीला आणि लेकीकडून नातीला जी खूण जाते, ती या मादीची कुठंच सापडली नव्हती. ज्यांच्या ज्यांच्या कातडीचे तुकडे जगात कोणी जपले होते, ते सगळे माहेनूरनं ताडून पाहिले होते. म्हणजे एक अख्खी आईची ओळ त्या कुप्यांत येऊन थांबली होती.

आणि मे महिन्यातल्या एका सकाळी तिनं प्रयोगशाळा उघडली तर टाकीच्या बाहेरून बर्फाचे पापुद्रे धरलेले. टाकी आतून थंड आणि बाहेरून कोरडी पाहिजे. बाहेर बर्फ धरला म्हणजे भिंतीतली पोकळी गेली, थंडी गळून राहिली. तिनं सगळ्या कुप्या प्रवासाच्या छोट्या डब्यात घातल्या, टाकीच्या बुडाशी उरलेला नायट्रोजन वरून ओतला आणि फोन लावायला सुरुवात केली.

नागपूरचा कारखाना बंद पडला होता. तिथूनच सगळ्या वऱ्हाडाला नायट्रोजन यायचा. गाडी उद्या येईल म्हणाले. काल ज्याला सांगितलं होतं त्यालाही उद्याच सांगितलं होतं. ज्या प्रयोगशाळांच्या टाक्या धड होत्या त्या म्हणाल्या, आमचंच आम्हाला पुरत नाही, बाई. शेवटी पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी हो म्हटलं. घेऊन ये, माझ्याकडं जागा आहे. पण पुणं म्हणजे काय शेजारचं बडनेरा आहे? डब्यातलं पानी दुपारपर्यंत टिकलं तरी खूप. हो, रऊफभाई नायट्रोजनला पानीच म्हणत.

"चल," तिच्या फोनवर गाडी घेऊन आलेले रऊफभाई म्हणाले. गाडीत कोणाचे कुलर भरलेले होते, ते त्यांनी भररस्त्यात दुकानापुढे उतरवून टाकले. "रस्ते में कहीं तो मिलेगा."

कुठं मिळणार? नायट्रोजन काही पेट्रोलपंपावर मिळत नाही. पण गावोगावच्या जनावरांच्या दवाखान्यात तो असतो, कारण गाई भरवायच्या, वळूच्या वीर्याच्या कांड्या त्यातच ठेवतात. ही अक्कल माहेनूरला बडनेरा ओलांडल्यावर सुचली. मग सुरू झाला जोगवा. मूर्तिजापूरला नाही. बोरगावला नाही. अकोल्यात एका दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिच्यापुढं टाकी आडवी करून दाखवली. आत खडखडाट. "कारखाना बंद आहे न ताई. आमच्या कांड्या गेल्या, तुमचं काय घेऊन बसल्या?" बाहेरचं ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. माहेनूर डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि दर थोड्या वेळानं झाकण बोटभर उचलून पाहत होती. वाफ दिसली की श्वास घ्यायची. वाफ विरळ होत चालली होती.

त्याच डॉक्टरला काय वाटलं कोण जाणे, तो मागून गाडीपाशी आला. "हिवरखेडला नत्थुजी म्हणून आहेत. जनावरांच्या दवाखान्यातले रिटायर पट्टीबंधक. त्यांच्याकडं घरची टाकी आहे, जपून वापरतात. पण ते देणार नाहीत, सांगून ठेवतो."

"देणार कसे नाहीत," रऊफभाई म्हणाले आणि त्यांनी गाडी वळवली.

नत्थुजी ओसरीवर बाजेवर बसले होते. टाकी घरात, देवघराच्या बाजूच्या खोलीत, गोणपाटानं गुंडाळून ठेवलेली. त्यांच्या पत्नीनं, पार्वताबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढं केला. माहेनूरनं पाणी प्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

नत्थुजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाई बा. जमत नाई."

"काका, पैसे..."

"पैशाचं कोन बोलून राहिलं? त्याच्यात धवळ्याच्या कांड्या हायेत."

धवळ्या त्यांचा वळू. गवळाऊ जातीचा, पांढराशुभ्र, पळण्यात वाऱ्यासारखा. गवळाऊ आता कोण पाळतो? जर्सीच्या मागं लागून लोकांनी गोठे भरले. दूध जास्त म्हणून सगळे तिकडं, आणि नत्थुजी एकटे आपल्या धवळ्याला घेऊन बसलेले. गाव हसायचं. म्हातारा बैलाशी बोलतो म्हणायचं. धवळ्या मेला तेव्हा मात्र नत्थुजींनी आधीच काढून ठेवलेल्या मूठभर कांड्या टाकीत होत्या, आणि गोठ्यात एक गवळाऊ कालवड वयात येत होती.

"आठ-पंधरा दिवसांत माजावर येईन ते," नत्थुजी म्हणाले. "मी तिचीच वाट पाहून राहिलो. पाहाचं असन तं पाहून घे." त्यांनी माहेनूरला आत नेलं, गोणपाट बाजूला सारलं आणि टाकीत लाकडी पट्टी बुडवून बाहेर काढली. पट्टी हवेत हलवली तशी तिच्या खालच्या टोकाला पांढरं दव धरलं. चार बोटं. नत्थुजींनी आपली बोटं पट्टीला लावून दाखवली. "एवढंच हाय. गाडी येईस्तोवर पुरलं तं पुरलं."

माहेनूरला ती चार बोटं पाहून रडू आलं. एवढा नायट्रोजन तिच्या डब्याला पुण्यापर्यंत सहज पुरला असता.

तिनं सगळं करून पाहिलं. टाकीच गाडीत घालून नेऊ का म्हणाली. नत्थुजी म्हणाले, ही ठेवायची टाकी आहे, न्यायची नव्हे, खड्ड्यात आदळली की मानेपासून तुटते. तुमच्या कांड्या माझ्या डब्यात घालू म्हणाली. कांडी वीतभर लांब, डबा ठेंगणा, झाकण बसेना. माझ्या कुप्या तुमच्या टाकीत ठेवू का म्हणाली, तर म्हणाले, वरून आणखी काही घातलं की उकळून निम्मं उडून जाईल आणि गाडी येईस्तोवर कोणाचंच राहणार नाही. अर्धं अर्धं वाटून घेऊ म्हणाली.

"अर्धं केलं तं तुह्यंई मरन अन् माह्यंई," नत्थुजी म्हणाले. "येड्यावानी करू नको, पोरी."

ती ओसरीवर येऊन मटकन बसली. रऊफभाईंनी डब्याचं झाकण जरा उचललं आणि पुन्हा ठेवलं. आत वाफ जवळजवळ नव्हतीच.

"काका," माहेनूर म्हणाली, "ती एकटीच आहे. तिच्यासारखी दुसरी कोणी सापडलीच नाही. मी सगळीकडं पाहिलं. या कुप्या गेल्या की ती संपली." आता ती रडत होती आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती.

नत्थुजींनी पायाच्या अंगठ्यानं भुई उकरली. मग म्हणाले, "जिवंत हाय म्हनते न तू? मंजे कांडीवानीच झालं ते."

"जिवंत आहे."

"मंग त्याच्यातून पिलू होते?"

आता खरं सांगायचं तर, होत नाही. त्या कातडीच्या पेशी होत्या. त्यांच्यातून अभ्यास होतो. ही आईची ओळ किती जुनी, भावकीतल्या सोयरिकीनं काय काय झिजलं, कोणत्या समुद्रात जहाजांना मज्जाव करा म्हणून सरकारपुढं डोकं फोडायचं, हे सगळं त्यांच्यातून कळतं. पण पिलू नाही. कालवडीला कांडी लावली तर वासरू होतं. या कुप्यांतून माशीसुद्धा व्हायची नव्हती. माहेनूरला हे पक्कं माहीत होतं. नत्थुजी तिच्याकडं पाहत होते, डोळ्यांची पापणीही न हलवता, आणि तिच्या मांडीवरचा डबा गरम व्हायला लागल्याचा तिला भास होत होता.

"होते," ती म्हणाली.

पार्वताबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खरं सांगून राहिली न, माय?"

"हो, काकू."

नत्थुजी उठले. आत जाताना त्यांचं बोलणं चालूच होतं, बायकोशी की स्वतःशी ते कळत नव्हतं. "धवळ्यासारखा एखादा कुठी ना कुठी असनच न वं. वर्ध्याकडं असन. सरकारच्या टाकीत असन. हे बिचारी तं एकटीच हाय. एवढं मोठं जनावर, अन् एकटं."

"तुमी जेवसान का मंग?" पार्वताबाई म्हणाल्या. "तो मेला तवा चार दिवस भाकरीले शिवले नव्हते."

"जेवतो न. काहून नाई जेवनार?"

नत्थुजींनी कांड्यांचा जुडगा टाकीतून वर ओढला. क्षणभर धरून पाहिला, जसं कोणी नातवाचं बोट धरून पाहावं, आणि मग कोपऱ्यातल्या स्टीलच्या ताटात ठेवला. कांड्यांवर दव धरलं, मग ते दव वितळून थेंब झाले. तोवर रऊफभाईंनी आणि त्यांनी मिळून टाकी तिरपी केली. पांढरी वाफ जमिनीवरून पसरत कोठीपर्यंत गेली. माहेनूरनं डबा धरला. तिनं एक थेंब सांडू दिला नाही. कुप्या बुडाल्या. डबा भरला. तिनं झाकण लावलं आणि नत्थुजींच्या पायाला हात लावायला वाकली. त्यांनी वरच्यावर तिचे हात धरले.

"नंबर देऊन ठेव," ते म्हणाले. तिनं दिला. रऊफभाईंनी त्यांना मिठी मारली, अल्लाह तुमचं भलं करो म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

गाडी तेल्हाऱ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा उन्हं कलली होती. रऊफभाई सकाळपासून पहिल्यांदाच खुशीत होते. खिडकीबाहेर हात काढून ते बोलत होते. कोण म्हणतं जमाना बिघडला म्हणून, असं काय काय बोलत होते. मग त्यांनी विचारलं, "बेटा, वो बच्चा कब तक होगा? साल-दो साल?"

माहेनूरनं डबा दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला होता. तिला खोटं पुन्हा बोलता आलं असतं. जीभ उचलत नव्हती.

"नहीं होगा, अब्बा."

"नहीं होगा मतलब?"

"कभी नहीं होगा. उससे बच्चा होता ही नहीं."

रऊफभाईंनी गाडी बाभळीखाली घेतली आणि बंद केली. मग म्हणाले, "वापस चल. उनका उनको देते."

"कांड्या मेल्या, अब्बा. आपण ओसरी उतरलो तेव्हाच मेल्या. आता हे नेऊन दिलं तर हेही मरेल. कोणालाच काही राहणार नाही." तिनं तोंडावर ओढणी धरली. "मला दुसरं काही सुचलं नाही."

रऊफभाई चिडले असते, ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं स्टिअरिंगवर हात फिरवला.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता. माहेनूरनं उचलला आणि नत्थुजींचा आवाज गाडीभर झाला, कारण फोनवर ते ओसरीवरून शेताकडं हाक मारावी तसे बोलत होते.

"हालो, पोरी? पोचली का कुठवर? झाकन बराबर हाय न?"

"हाय, काका."

"आयक. तुह्या काकूनं सारी आळी गोळा केली. सगळ्याइले सांगून राहिली, आपल्या घरच्या नायट्रोजनावर देवमासा होनार हाय म्हून. लोकं हासून राहिले. हासू दे. मी म्हनलं, पोरगी शिकेल हाय, ते खोटं नाई बोलनार." मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. "एक सांगाचं राहिलं. पिलू झालं का नाव धवळ्या ठेवजो. मादी झाली तं धवळी. अन् मले फोटो धाडजो, माह्या नातवाच्या फोनवर. ठेवशीन न?"

माहेनूरनं बापाकडं पाहिलं. रऊफभाई बाभळीकडं पाहत होते.

"ठेवीन, काका," ती म्हणाली.

"बस मंग. जा सावकाश."

फोन बंद झाला. रऊफभाईंनी चावी फिरवली आणि गाडी पुण्याच्या वाटेला घातली.