सातवा मार्ग

"धरलंय ना मागून?"

"धरलंय, बाई."

"खरं सांगा. आवाज लांबून येतोय तुमचा."

लांबूनच येत होता. सीट सोडून मी दहा पावलं मागे राहिलो होतो. ऑफिसच्या मागच्या फरशीवर, जेवणाच्या सुट्टीत, चोपन्न वर्षांच्या बाई आयुष्यात पहिल्यांदाच एकट्या सायकल चालवत होत्या आणि वरच्या खिडक्यांतून निम्मं ऑफिस मजा बघत होतं. मी कुठे आहे ते बघायला त्यांनी मान वळवली आणि त्या थेट रद्दीच्या गठ्ठ्यांवर जाऊन आदळल्या. उठल्या, कोपर झटकलं आणि म्हणाल्या, "यापुढे सोडताना सांगून सोडायचं. फसवून शिकवलेलं टिकत नाही."

आमचं ऑफिस पर्यटन खात्याचं. बाई तिथे मुद्रितशोधक होत्या. माहितीपत्रक असो की रस्त्यावरचा फलक, छापायला जाण्याआधी तो त्यांच्या लाल पेनाखालून जायचा आणि त्यांची सही झाल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. पाठीमागे सगळे त्यांना 'कानामात्रा' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा कुणीतरी चिठ्ठीवर 'कानामत्रा' लिहिलं, तर त्यांनी लाल शाईने काना देऊन चिठ्ठी परत पाठवली. मी नकाशे काढायचो, म्हणून माझं नावच 'नकाशे' पडलं होतं. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

सायकलचं हे प्रकरण माझ्यामुळे सुरू झालं.

डोंगराकडच्या जंगलातून जाणाऱ्या सात सायकलमार्गांचं एक माहितीपत्रक आम्ही काढलं होतं. मार्ग मी आखले, टेबलाशी बसून, जुन्या नकाशांवरून. तिसऱ्या मार्गावर नकाशाची घडी आली होती आणि घडीवरच्या उंची दाखवणाऱ्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. रेषा नाहीत म्हणजे चढ नाही, असं मी धरून चाललो आणि खाली लिहिलं, 'सौम्य चढ. सहकुटुंब योग्य.'

चार महिन्यांनी एका निवृत्त गृहस्थांचं पत्र आलं. त्या सौम्य चढावर त्यांच्या पत्नीचा श्वास कोंडला होता. दीड तास दोघं जंगलात रस्त्याच्या कडेला बसून होते. दुधाची गाडी आली, म्हणून त्या वाचल्या. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, 'आपल्या पत्रकात शोधूनही चूक सापडत नाही, एवढी एक सोडून.'

साहेबांनी पत्र फाइलला लावलं. मी मान खाली घालून बसलो. संध्याकाळी पेनाला टोपण लावताना बाई एवढंच म्हणाल्या, "शब्द शुद्ध होता हो, नकाशे. रस्ता तपासायचा राहिला. आणि खाली सही माझी आहे."

दुसऱ्या दिवशी त्या मेव्हण्याची, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची, जुनी सायकल ढकलत ऑफिसात आल्या.

"बाई, तुम्हाला सायकल येत नाही ना?"

"म्हणून तर. ज्याला येते त्याला चढ जाणवत नाही."

घरी त्यांची थोरली बहीण होती, अक्का. दोघीच राहायच्या. मी एकदा सायकलची साखळी बसवून द्यायला गेलो, तर अक्कांनी मलाच धारेवर धरलं. "तुम्ही शिकवलंत ना हिला? आता हिचे हातपाय मोडले की तुम्हीच या करायला. विकतचं दुखणं आणलंय घरात." बोलता बोलता त्या फडक्यात भाकरी बांधत होत्या. दोन बांधल्या, क्षणभर थांबल्या आणि तिसरी ठेवली. "चढ असतो म्हणे," पुटपुटल्या.

पुढची दोन वर्षं बाईंनी सगळ्या सुट्ट्या त्या डोंगरात घालवल्या. बसच्या टपावर सायकल टाकायची, पायथ्याला उतरायचं आणि निघायचं. सोमवारी येताना चेहरा रापलेला, पोटऱ्या आखडलेल्या. जिना कठड्याला धरून चढायच्या, पण वही उघडली की आवाजातली वीस वर्षं कमी व्हायची. पाचव्या मार्गावर लाकडाचे ट्रक सकाळी दहापर्यंत उतरतात, त्याआधी निघू नये. दुसऱ्या मार्गावर वनखात्याच्या चौकीमागे नळ आहे, पण तोटी उलटी फिरते. चौथ्यावर झाडी इतकी दाट की वळणावरची पानं दुपारीही ओलीच असतात, तिथे ब्रेक वळणाआधी दाबावा. आणि तिसऱ्या मार्गाच्या त्या चढाबद्दल लिहिलं होतं, 'येथे उतरून चालावे. त्यात कमीपणा नाही. चालताना उजवीकडे दरी दिसते, सायकलवरून ती दिसत नाही.'

या नोंदी पत्रकाच्या नव्या आवृत्तीत जायच्या होत्या. साहेब वाचून हसले. "बाई, हे सरकारी पत्रक आहे की आजीबाईचा बटवा?" पण एकही ओळ त्यांनी खोडली नाही.

सहा मार्ग झाले. राहिला सातवा. तो सगळ्यांत देखणा. जंगलातून चार किलोमीटर सलग उतार आणि तळाशी ओढ्यावर लाकडी पूल. पत्रकाच्या मुखपृष्ठावर त्याच पुलाचा फोटो जायचा होता.

त्या सोमवारी बाई आल्या नाहीत. बुधवारी आल्या त्या उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये घालून. पुलाच्या फळ्या रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवल्या होत्या, आणि दोन फळ्यांच्या मधल्या फटीत पुढचं चाक अडकलं होतं.

साहेबांच्या टेबलावर छपाईचा अंतिम नमुना तयार होता. सातही मार्ग त्यात होते.

"पूल बांधकाम खात्याचा आहे, बाई. आपला नाही."

"पुलावर पडणारा माणूस आपला आहे, साहेब. आपण पाठवलेला."

"एका फटीसाठी अख्खा मार्ग गाळायचा? मुखपृष्ठ तयार आहे."

"फट बुजली की छापा. तोवर माझी सही नाही."

एकतीस वर्षांत बाईंनी एकही काम अडवून धरलं नव्हतं. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "ठीक आहे. नकाशे करतील सही. मार्ग त्यांनीच आखलाय."

ऑफिसात माझी ख्याती होयबा म्हणून होती, आणि ती खोटी नव्हती. पेन हातात घेतलं. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी नजरेनेसुद्धा मला भीड घातली नाही.

"मी आधी जाऊन बघून येतो," मी म्हणालो.

"तुम्हीसुद्धा?" साहेब म्हणाले.

रविवारी गेलो. माझ्या नकाशावर तो पूल म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरची रेघ होती. प्रत्यक्षात सत्तावीस पावलं. गुडघ्यावर बसून फटीत बोटं घातली, दोन बोटं आरपार गेली. खाली दगडांवरून पाणी वाहत होतं.

सही केली नाही. साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग बोलायला लागले. पत्रक सहा मार्गांचं निघालं. तपासणाऱ्याचं नाव अशा कागदावर कधीच नसतं, तसं याच्यावरही नव्हतं.

वर्षभराने बाई निवृत्त झाल्या. मनगट वाकडंच बसलं. ब्रेक दाबण्याइतकी पकड त्या हातात परत आली नाही, आणि सायकल मेव्हण्याकडे परत गेली. पण बांधकाम खात्याला दर महिन्याला त्यांचं पत्र जायचं, डाव्या हाताने लिहिलेलं. अक्षर गडगडत जायचं, काना मात्र एकही चुकायचा नाही. एकोणिसाव्या पत्रानंतर खात्याने फळ्या काढून आडव्या बसवल्या.

"बघायला जाऊ या का?" त्यांनी मला फोन करून विचारलं.

बसने गेलो. उतार दोघं पायीच उतरलो. बाई प्रत्येक वळणावर थांबत होत्या. "इथे मी गाणं म्हणत होते हो," एका वळणावर म्हणाल्या. "कुणी ऐकायला नाही म्हटल्यावर."

पुलावर पोचलो. नव्या लाकडाचा वास येत होता. बाईंनी बुटाचं टोक एका फळीवरून दुसरीवर नेलं, मग तिसरीवर. कुठेही अडकलं नाही. त्या पुलाच्या मधोमध उभ्या होत्या, तेवढ्यात वरच्या वळणावरून हसण्याचा, घंट्यांचा आवाज आला. दहाबारा सायकली एकामागून एक भरधाव उतरत होत्या. पुढची मुलगी ओरडली, "ओ आजी, बाजूला व्हा, बाजूला!"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. बाईंनी डाव्या हाताने माझी बाही ओढून मला कठड्याशी घेतलं.

सायकली फळ्यांवरून खडखडत गेल्या. एकाही स्वाराने वेग कमी केला नाही. बाई त्यांच्या चेहऱ्यांकडे बघतच नव्हत्या, खाली चाकांकडे बघत होत्या. शेवटची सायकल पलीकडच्या झाडीत शिरली, तेव्हा कुठे त्यांनी माझी बाही सोडली.