फुकटचे दोन गुण

गणपतराव एकदा बोलले की बोलले. तालमीचे जुने वस्ताद, मुलींच्या रग्बी स्पर्धेचे अध्यक्ष, आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी कुणाला कळू नये. फायनलच्या दिवशी मैदानावर चहा पिता पिता त्यांनी जाहीर करून टाकलं, की पुढच्या सालापासून किक बंद.

"कुस्तीत पाठ टेकली की विषय संपला," ते म्हणाले. "रग्बीत बॉल रेषेपलीकडं जमिनीला टेकवला, ट्राय झाला, पाच गुण मिळालं. झालं की! मग वर आणि दोन गुणांसाठी खांबातनं किक मारायची कशाला? पाडलेल्याला परत पाडायचं व्हय?"

"ट्रायलाच सात गुण द्यायचं," सेक्रेटरी बाळासोंनी री ओढली. "मैदानामागच्या उसात गेलेला बॉल हुडकत बसायचं न्हाय. आणि तसंबी आपली अनुजा मारती तवा किक गेलीच म्हणून समजायची. ते दोन गुण फुकटचेच की."

फायनल संपली की कमिटीनं तिथंच हात वर करायचे आणि नियम बदलायचा, असं ठरलं.

अनुजा शेजारीच बुटाची नाडी बांधत होती. तिचं डोकं तापलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जोरात पळता येत नव्हतं. ह्या स्पर्धेत एक सवलत होती, नुसत्या किकसाठी राखीव खेळाडू आत येऊ शकायची. त्या सवलतीवर तिची टीममधली जागा टिकली होती. किक गेली की तीही गेली, मग पोरींच्या पाण्याच्या बाटल्या भरत बसायचं. आणि हे कशामुळं, तर तिची किक चुकत नाही म्हणून! रोज संध्याकाळी अंधार पडेस्तोवर ह्याच मैदानावर घाम गाळला, त्याचं हे बक्षीस. एखादी अधूनमधून चुकवत असती तर ह्याच लोकांनी तिचं कौतुक केलं असतं.

फायनल कागलच्या मुलींशी होती आणि त्या काही ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. शेवटच्या मिनिटाला अनुजाच्या टीममधली तहरीम कडेकडेनं अशी सुटली की मागच्या दोघींच्या हाती नुसतं वारं लागलं. पार कोपऱ्यात जाऊन तिनं बॉल टेकवला, ट्राय झाला. बारा-बारा, बरोबरी. राहिली ती किक, आणि बॉल जिथं टेकला त्याच्या समोरूनच ती मारायची असते. अनुजा आत आली. त्या कडेवरून बघितलं तर दोन खांबांचा मिळून एकच जाड खांब दिसत होता.

तहरीमनं बॉल तिच्या हातात दिला, पण सोडला नाही. तिला धाप लागली होती.

"चुकव," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"एकच चुकव की गं. कप दोन्ही टीममधी वाटून घिऊ. मग कोण म्हणंल किक फुकटची हाय? तुझी जागा तर ऱ्हाईल."

अनुजाला भरून आलं. ही पोरगी आत्ताच जीव तोडून पळाली होती आणि स्वतःचा कप सोडायला निघाली होती. खोटं कशाला सांगा, अनुजाचं मन हललं. पाय जरासा वाकडा केला की काम झालं असतं, आणि एवढ्या कोपऱ्यातून चुकली म्हणून कुणी नावही ठेवलं नसतं. पण मग किक वाचवायला किकच खोटी मारायची? असली वाचवलेली किक उद्या कुठल्या तोंडानं मारायची?

"बाजूला हो," ती म्हणाली. "ह्या पायाला चुकवायचं शिकवलंच न्हाय मी."

तिनं बॉल सोडला, टप्पा पडला आणि पाय बसला. बॉल वर चढला, खांबांकडं वळला आणि मधून निघून गेला. अख्खं मैदान शिट्ट्यांनी दणाणलं. चौदा-बारा.

गणपतराव कप घेऊन आले ते हसतच. "बघा! म्हटलं न्हवतं? डोळं झाकून जाती!"

अनुजानं कप घेतला नाही. उलट बॉलच त्यांच्या हातात ठेवला.

"मग मारा की वस्ताद. फुकटच हाय."

सगळीकडून एकच हाळी उठली. कोल्हापुरात चार माणसांदेखत दिलेलं आव्हान नाकारलं, तर त्या माणसाला पेठेत चहा गोड लागत नाही. गणपतरावांनी धोतराचा काचा मारला. पहिली किक बँडवाल्यांच्या पायात गेली. "वारं हाय," ते म्हणाले. दुसरी बाळासोंच्या नडगीवर बसली.

"तुमची ढबच चुकती, द्या हिकडं," असं म्हणत बाळासोंनी लंगडत लंगडत जी मारली ती सरळ उसात. मग कमिटीला ईर्षाच चढली. खजिनदारांनी कोट काढला, समालोचकानं माइक ठेवला. एकेक जण कोपऱ्यात जायचा, हातवारे करून वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि तोंड पाडून परत यायचा. बॉल आणता आणता कागलच्या पोरी हसून हसून बेजार झाल्या.

दिवस कलला तशी बाळासोंना सभेची आठवण झाली. त्यांनी घसा साफ केला. "तर मग, किक बंद करायची, हात वर करा."

कुणी बुटाची माती झाडू लागलं, कुणी उसाकडं बघू लागलं. हात एकही वर गेला नाही. गणपतराव तेवढे पुढं झाले. आखाड्यात जिंकलेल्या मल्लाचा धरतात तसा त्यांनी अनुजाचा हात धरला आणि उंच केला.

"ह्यो एकच हात वर ऱ्हाईल," ते गरजले. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा आवाज उतरवून म्हणाले, "पोरी, उद्या मला तेवढं कोपऱ्यातनं मारायला शिकीव."

"शिकवतो की," अनुजा म्हणाली. "पण धोतर नको, चड्डी घालून या."