आधी दम खा, मंग पानी

मी इंजिनाचा ब्लॉक बोलतोय. नाक मुरडू नका. गाडीचे पडदे, रंग, हॉर्न सगळ्यांना दिसतात; आग आणि पाणी एकाच पोटात धरून बसलेला बिडाचा ओबडधोबड ठोकळा मी. माझ्या पोटात एक तडा आहे, त्याचंच दुःख सांगायचंय.

जन्म भट्टीतला, त्यामुळे वऱ्हाडच्या उन्हाचं मला कौतुक नाही. पहिले मालक मोर्शीचे खुशालराव. बोलायला गोड, पण टेम्पोत संत्री भरताना हात आखडेल तर शपथ! अशाच एका खेपेत माझं पाणी आटलं, तरी त्यांनी गाडी दामटली. तेव्हाच मी तडकलो. त्यांनी भेगेत लेप भरला, वरून रंग फासला आणि 'एकदम टकाटक' म्हणत गाडी विकून टाकली.

घेतली अमरावतीच्या पुंजाजींनी. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, राजापेठेत घर. त्यांनी मागे पलंग ठोकला, शेगडी बसवली. बायकोनं, इंदूबाईंनी, जुन्या साड्यांचे पडदे शिवले. फिरतं घरच झालं. हा सारा खटाटोप इंदूबाईंसाठी. त्या धारणीकडे नर्स होत्या. आपल्या हातांवर जन्मलेली पोरं आता बापे झाली असतील, गावोगाव मुक्काम करत त्यांना एकदा पाहून यावं, एवढीच त्यांची हौस होती.

इंदूबाईंचा एक नियम होता. उन्हातून आलेल्याला त्या लगेच पाणी देत नसत. पाहुणा कितीही मोठा असो, हातावर गुळाचा खडा ठेवून म्हणायच्या, "आधी दम खा, मंग पानी."

धारणीआधी गाडीची परीक्षा म्हणून आम्ही अकोल्याच्या एका लग्नाला गेलो. भर वैशाख. परतताना मूर्तिजापूरजवळ माझ्यातून वाफा निघाल्या. जुन्या भेगेतून पाणी पाझरून गेलं होतं, पण ते कुणाला ठाऊक? पुंजाजींनी रेडिएटरचं झाकण काढलं आणि पाणी शोधायला गेले. इंदूबाई एकट्याच राहिल्या. माझं फुसफुसणं त्यांना ऐकवेना. लग्नातून आणलेला बर्फगार पाण्याचा जार गाडीत होता. "पी बाप्पा, किती तापला," म्हणत त्यांनी तो माझ्यात ओतला. जन्मभराचा नियम विसरल्या, तोही मायेपोटी. भेग कडकन उघडली आणि गाडी तिथंच बसली.

गाडी ओढून घरी आणली आणि अंगणात झाकून ठेवली. "माह्या हातानं मेली गाडी," इंदूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. पुंजाजी त्यांना लागेल असं एका शब्दानंही बोलले नाहीत. पण 'तुझ्यामुळं नाही' असंही कधी म्हणाले नाहीत, कारण त्यांनाही ते खरंच वाटत होतं. पुढं इंदूबाईंना दुखण्यानं धरलं. दवाखान्यात जाताना त्या गाडीवर हात ठेवून थोडं थांबायच्या. मी कसला करंटा, सगळं ठाऊक असून मुका! पावसाळा सरता सरता त्या गेल्या.

मुलगी भावना म्हणाली, आता गाडी भंगारात द्या. पुंजाजींनी ऐकलं नाही. अकोल्याला गजेंद्र मिस्त्रीकडे मला नेलं. त्यानं सगळं खोललं, मला रॉकेलनं धुतलं, भेग पाहिली आणि पुंजाजींना जवळ बोलावलं.

"काकाजी, हा तडा जुना हाय. आतून गंज चढेल हाय, लेप बी भरेल हाय. थंड पान्यानं निस्ता उघडा पडला."

पुंजाजी होते तिथंच खाली बसले.

"हे इंदूले सांगाचं राह्यलं ना गा," एवढंच म्हणाले, आणि ढसाढसा रडले.

गजेंद्रनं मला तापवून भेग जोडली आणि गरम राखेत पुरून ठेवलं. बीड हळूहळूच थंड व्हावं लागतं, नाहीतर पुन्हा तडकतं. आता मी बरा आहे, म्हातारपण आहे तेवढंच. तुम्हाला एकच मागणं आहे: घरात कुणी स्वतःला दोष देत झुरत असेल, तर आत काय आहे ते उघडून पाहायला इतका उशीर करू नका.

सध्या आम्ही धारणीच्या वाटेवर आहोत. घाटात मी तापलो की पुंजाजी गाडी सावलीत लावतात. शेजारच्या रिकाम्या सीटवर गुळाचा खडा ठेवतात आणि मी निवेपर्यंत तिच्याशी बोलत राहतात.

"इंदू, तुह्या हातानं नाही झालं."

मग उठून मला पाणी देतात.