नाताळला अक्काकडं

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव आगी लागल्या. त्यात पालमजवळच्या एका खेड्यात कस्तुराबाईच्या थोरल्या बहिणीचं घर जळालं. दोघी एका आईच्या लेकी, दिल्याही एकाच गावात, भिंतीला भिंत लागून. थोरल्या मालनबाईचं सासर बौद्ध, धाकटी कस्तुराबाई ख्रिस्ती घरात पडली, म्हणून तिचं घर वाचलं. जमाव आला तशी मालनबाई नवऱ्यासोबत नेसत्या लुगड्यानिशी निघाली. "कस्तुरे, कोंबड्यांकडं बघ," एवढंच म्हणाली.

दिवाळी सरली तरी खबर नाही. मग कापूस घेऊन परभणीला गेलेल्या गावातल्या किशनरावांनी सांगितलं, मालनबाईचा नवरा सिताराम मोंढ्यात पोती उचलताना दिसला. कस्तुराबाईनं त्यांच्याच हाती निरोप धाडला, "आमचं घर हाय म्हणावं, या." उत्तर आलं नाही.

जोंधळा हुरड्याला आला, नाताळ तोंडावर आला. कस्तुराबाईनं पांढरी माती भिजवली अन् बहिणीच्या काळ्या पडलेल्या भिंती सारवायला घेतल्या. वर आभाळ उघडं.

"कोन राहणार हाय त्यात?" नवरा सूर्यभान म्हणाला.

"अक्का येईल. सणाला ती न्हाई असं कंदी झालंय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं तुराट्या आणून एका कोपऱ्यावर छप्पर घातलं. एसटीचा आवाज आला की कस्तुराबाई हातातलं काम टाकून फाट्याकडं बघायची. गाडी धूळ उडवून निघून जायची.

नाताळच्या सकाळी त्यांच्याच ओसरीवर प्रार्थना झाली. पाळकसाहेब म्हणाले, "लोक पिढ्यान् पिढ्या वाट बघत होते. देवानं त्यांना वर बोलावलं नाही. तोच खाली आला. अन् आला कुठं? ज्यांना उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, जागा मिळाली नाही, त्यांच्या पोटी."

दरवर्षी ऐकलेलंच होतं. पण यंदा ते कस्तुराबाईच्या काळजात रुतलं. आपण निरोप धाडून बसलो. गेलो का? जेवणं आटोपताच तिनं करंज्या फडक्यात बांधल्या. "मी अक्काकडं जायलेय," सूर्यभानला म्हणाली अन् फाट्यावर जाऊन उभी राहिली.

मोंढ्यात हमालांना विचारत विचारत ती मागच्या पत्र्याच्या खोल्यांपाशी पोचली. मालनबाई दारात चूल फुंकत होती. लय वाळली होती.

"कस्तुरे! सणाचं घर सोडून आलीस?"

"तू येईना, मग मीच आले." तिनं करंज्यांचं फडकं बहिणीच्या पुढ्यात सोडलं. मग घाईघाईनं म्हणाली, "भिंती सारवल्यात अक्का. छप्पर घातलंय. चल."

मालनबाईनं करंजी हातात घेतली, खाल्ली नाही. "तिथं मला डोळा लागायचा न्हाई गं. ज्यांच्या शेतात राबलो, तेच व्हते त्या जमावात."

"मग कंदीच न्हाई?"

"कंदी, ते मला तरी कुटं ठाव हाय?"

कस्तुराबाईला हुंदका आवरेना. बहिणीला सोबत घेऊनच परतायचं, असं मनाशी धरून ती आली होती. मालनबाईनं तिला कुशीत घेतलं. चुलीवरचा चहा उतू गेला, दोघींनी तो जाऊ दिला.

उन्हं कलली तशी मालनबाई तिला स्टँडवर सोडायला आली. गाडी लागली. खिडकीशी उभी राहून ती म्हणाली, "जयंतीला येशील? इथं आमची मिरवणूक निघती म्हणतात."

"येते. ह्यांनाबी आणते."

गाडी हलली. कस्तुराबाई खिडकीतून मान बाहेर काढून, बहीण गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. अक्काशिवाय ती गावाकडं निघाली होती. पण आता एप्रिलची वाट बघायची होती, अन् ती वाट तिला स्वतः चालायची होती.