अहोसर

ओल्या रंगावर विश्वास ठेवू नये. हे मी आमच्या घरात सांगून सांगून दमले, पण ऐकतंय कोण? जलरंग ओला असताना नुसता मिरवत असतो आणि वाळला की तोंड पाडून बसतो. म्हणून आधी लावायचा, मग गप्प बसायचं, मग बोलायचं. आमच्याकडे मधलं ते गप्प बसणं कुणालाच जमत नाही. मलाही जमत नाही, पण माझी गोष्ट वेगळी, माझं ते कामच आहे.

काम म्हणजे रंगतक्ते करणं. आमचा घरचाच जलरंगांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे मागच्या दोन खोल्या. एका खोलीत माझ्या मोठ्या जाऊबाई जाड काचेवर रंगाची भुकटी, डिंक आणि मध एकत्र घोटत बसतात आणि त्याच्या वड्या पाडतात. दुसऱ्या खोलीत, खिडकीशी, माझं टेबल. कुठला रंग कागदावर कसा दिसेल हे गिऱ्हाइकाला कळायला नको? म्हणून मी कागदावर चौकोन आखते आणि एकेका चौकोनात एकेक रंग लावते. वर गडद, मग पाणी घेत घेत खाली फिका. त्याखाली नाव. शेवाळी, विटकरी, अबोली, डाळिंबी, आणि ती सगळी ‘सर’ मंडळी: पिवळसर, निळसर, काळसर. प्रत्येक तक्ता हाताने. मोठे दीर, म्हणजे भावजी, ते तक्ते घेऊन दुकानादुकानांतून फिरतात आणि रंग विकून येतात. आणि आमचे हे चहा करतात. नोकरीतून मोकळे झाल्यापासून त्यांनी तेवढं एकच खातं स्वतःकडे घेतलंय आणि ते मंत्र्याच्या थाटात सांभाळतात.

तर एके दिवशी भावजी छापखान्यातून एक छापील तक्ता घेऊन आले. गुळगुळीत, चकचकीत. मी तो पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. अबोलीला ताप भरला होता, शेवाळीला कावीळ झाली होती, आणि डाळिंबी नि विटकरी चक्क जुळ्या बहिणी होऊन बसल्या होत्या.

“झकास आलाय ना?” भावजी म्हणाले. “एकदा छापला की पुढे बघायलाच नको. तुम्हालाही आराम.”

“मी कधी मागितला आराम?”

“अहो, एकेका तक्त्याला तुम्ही अख्खा दिवस घालवता!”

“मग? वाळायला नको रंग? का फुंकर मारत बसू?”

उगाच आडपडदा कशाला ठेवू, मला ते टेबल सोडायचं नव्हतं. सगळ्या घरात माझी म्हणावी अशी ती एकच जागा. तिथे बसले की मला कुणी हाक मारत नाही, आणि मारली तरी मी ऐकत नाही. छापील तक्ते सुरू झाले की त्या टेबलावर इस्त्रीचे कपडे येऊन पडणार, हे मला लख्ख दिसत होतं.

आमचा आवाज ऐकून जाऊबाई पदराला हात पुसत आल्या. त्या फार बोलत नाहीत, पण बोलल्या की विषय संपतो.

“फुलांच्या बाई येणार आहेत,” त्या म्हणाल्या. “त्यांच्यापुढे दोन्ही तक्ते ठेवा. त्या ज्याच्यावरून रंग निवडतील, तो राहील. दुसरा बंद. आता भांडू नका, माझा निळा सुकतोय.”

फुलांच्या बाई म्हणजे वनस्पतींच्या पुस्तकांसाठी फुलांची चित्रं काढणाऱ्या चित्रकार. त्यांच्या एका खरेदीवर आमचा कारखाना चालतो. त्यामुळे मी नवा तक्ता करायला घेतला तो अगदी जीव ओतून.

बाई यायच्या दिवशी मी शेवटच्या चौकोनाशी आले. तो आमचा मोतिया. अगदी फिका, त्याला पाणी भरपूर लागतं. मी ब्रश मोतियात घोळवला, न बघता शेजारच्या ग्लासात बुडवला आणि कागदावर फिरवला.

मोतिया तपकिरी झाला!

ग्लासात चहा होता. आता मला सांगा, किती वेळा बजावायचं माणसाला? चहा कपातून आणा. ग्लासातून आणू नका. आणलाच तर माझ्या पाण्याच्या ग्लासाजवळ ठेवू नका. तर ह्यांचं म्हणणं असं, की ग्लासातच चहाचा रंग खुलून दिसतो. रंगाच्या घरात राहून एवढं एकच उचललं ह्यांनी.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि दारावरची घंटा वाजली. बाई वेळेआधीच हजर. दुसरा तक्ता करायला सवड कुठली? त्या चौकोनाखाली नावसुद्धा लिहायचं राहिलं होतं.

बाई आल्या आल्या टेबलाशीच बसल्या. भावजींनी छापील तक्ता अदबीने पुढे केला. बाईंनी पाहिला, “हं” म्हणाल्या आणि बाजूला ठेवला. मग माझा घेतला. चष्मा लावला, नाक कागदाला टेकेल इतक्या वाकल्या आणि एकेक चौकोन बघत खाली खाली यायला लागल्या. शेवटचा चौकोन तोवर वाळला होता. कडेला गडद रेघ, आत मंद सोनेरी तपकिरी. मी मनात म्हटलं, संपलं सगळं, काढा इस्त्रीचे कपडे.

“हा!” बाई केवढ्याने तरी ओरडल्या. “वाळलेल्या पाकळीचा हाच रंग मी किती वर्षं शोधतेय! नाव काय ह्याचं?”

नेमके तेव्हाच आमचे हे ट्रे घेऊन आत आले आणि खिडकी अडवून उभे राहिले. सगळा तक्ता अंधारात. मला म्हणायचं होतं, “अहो, सरका जरा.” पण “अहो, सर” एवढं बाहेर पडतंय तोच ट्रेमधला एक ग्लास कलंडला, मी तक्ता वाचवायला झेपावले आणि उरलेलं वाक्य घशातच राहिलं.

“अहोसर!” बाई खूश होऊन म्हणाल्या. “पिवळसर, निळसर, अहोसर. किती गोड नाव शोधलंत!”

मी काही बोलणार, पण भावजींनी आयुष्यात कधी गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हटलेलं नाही. “आमची खास छटा आहे ती,” ते छाती पुढे काढून म्हणाले. खरं तर त्यांनी तो चौकोन नीट पाहिलाही नव्हता.

बाईंनी सांगितलं, पुढच्या पुस्तकात सगळी वाळलेलीच फुलं आहेत, तेव्हा अहोसरच्या पेटीभर वड्या तयार ठेवा, पुढच्या आठवड्यात न्यायला येते. आणि जाताना माझा तक्ताही घेऊन गेल्या.

दार लागलं. जाऊबाई माझ्याकडे वळल्या.

“धाकटे, मी अहोसर कधी घोटला गं?”

“मिश्रण आहे ते,” मी म्हणाले. “दोनतीन रंगांचं.”

त्यांनी टेबलावरचा ब्रश उचलला, टोक जिभेला लावलं आणि डोळे मिटले. “हे गोड आहे.”

“तुमचा मध असेल.”

“मी मध घालते. साखर घालत नाही.”

मग काय, सगळं ओकावं लागलं. भावजी कपाळाला हात लावून खाली बसले. आणि आमचे हे? त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला आणखीच संताप आला.

“म्हणजे बाईंना माझा चहा पेटीभर हवाय?” ते म्हणाले.

“मग आटवून वड्याच पाडू की!” भावजी ताडकन उठले. “चहा काय, घरचाच आहे!”

“चहाचा रंग उन्हात उडून जातो,” जाऊबाई म्हणाल्या. “माझ्या नावाने उडणारा रंग विकायचा नाही. खऱ्या रंगांतून अहोसर बनवायचा.”

“बघा!” भावजी माझ्याकडे वळले. “हाताने केलं की हे असं होतं. छापील तक्त्यात कधी चहा पडला असता का?”

मी तो छापील तक्ता उचलून पालथा टाकला.

“बाईंना त्यांचा रंग मिळाला, तर टेबल धाकटीचं,” जाऊबाई म्हणाल्या. “नाही मिळाला, तर छापखाना.”

झाली सुरुवात. तक्ता बाईंकडे, त्यामुळे ताडून बघायला समोर काहीच नाही. मी ह्यांना म्हटलं, तसाच चहा करा, नमुना म्हणून समोर ठेवते. आता एरवी हे आधण ठेवून वर्तमानपत्रात डोकं घालतात. पण ‘नमुना’ म्हटल्यावर गॅससमोर पहारा देत उभे राहिले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच उत्तम चहा झाला. रंग साफ वेगळा! वर मी कागदावर लावून बघेपर्यंत नमुना अर्धा संपलेला असायचा.

“अहो, तो नमुना होता!”

“गार होत होता गं.”

जाऊबाई घोटत होत्या, मी लावत होते. मोतियात विटकरी घातला, पिवळी माती घातली, करडा घातला. ओला असताना प्रत्येक वेळी वाटायचं, जमला! भावजी तर आधीच टाळ्या वाजवायचे. वाळला की कधी भाजलेल्या पावासारखा, कधी जुन्या पायपुसण्यासारखा. टेबल भरलं, जेवायचं टेबल भरलं, फ्रिजवर कागद वाळत पडले. बाई यायला एक दिवस उरला आणि माझा धीर सुटला. मी ब्रश फेकला आणि तिथेच रडायला बसले. हो, रडले. त्या टेबलासाठी रडले, लाज कसली त्यात?

हे घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन धावत आले. ह्या वेळी पाणीच होतं. आणि येऊन उभे राहिले कुठे, तर पुन्हा खिडकी अडवून! मी “अहो, सरका” म्हणायला मान वर केली आणि तशीच थांबले. बाई आल्या होत्या त्या दिवशीही मी असंच वर पाहिलं होतं. खाली तो चौकोन, वर उन्हात चमकणारं ह्यांचं टक्कल. आणि दोन्हींचा रंग एक. कडेला राहिलेल्या केसांची ती गडद रेघसुद्धा!

“जाऊबाई!” मी ओरडले. “नमुना सापडला!”

ह्यांना खुर्चीत बसवलं. मी ओले कागद बाजूला सारले, वाळलेले घेतले आणि एकेक त्यांच्या टकलाला लावून बघायला लागले. जाऊबाई गंभीरपणे म्हणाल्या, “जांभळ्याचा कण कमी पडतोय.” त्यांनी तो घातला, मी लावला, आणि आम्ही वाळेपर्यंत थांबलो. मग तो कागद टकलावर ठेवला, तर कुठे कागद संपतो आणि कुठे माणूस सुरू होतो तेच कळेना.

“मला गुदगुल्या होतायत,” हे म्हणाले.

“हलाल तर बघा!” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या झाकण लावलेली बरणी घेऊनच. बरणीत माझा तक्ता गुंडाळून ठेवलेला, आणि त्यावर मुंग्या. बाकीच्या चौकोनांत डिंकात मुरलेला मध होता, पण त्यांच्याकडे मुंग्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सगळी गर्दी शेवटच्यावर, आणि त्याचा कोपरा मुंग्यांनी पार कुरतडून टाकला होता.

“ह्या रंगात घालता काय तुम्ही?” बाईंनी विचारलं.

भावजींनी तोंड उघडलं. काय थाप मारणार होते कोण जाणे, पण मी त्यांना बोलूच दिलं नाही. “चहा,” मी म्हणाले. “चूक माझी. ब्रश चहात बुडला. आणि ते नावही नाव नव्हतं, ह्यांना सरका म्हणत होते मी. आता खरा रंग बनवलाय. बघा. नाही पटला तर तसं सांगा.”

बाईंनी आमची वडी घेतली, स्वतःच्या ब्रशने कागदावर एक फटकारा ओढला आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. वाळायची वाट बघत! मला त्यांचा असा काही आदर वाटला म्हणून सांगू. भावजी “वा!” म्हणायला गेले, तर जाऊबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. मग त्या हाताचा निळा रंग त्यांच्या मिशीला लागला, पण हसायची कुणाची हिंमत झाली नाही. आम्ही सगळे एका ओल्या रेघेकडे बघत बसलो.

रेघ वाळली. बाईंनी बरणीतला तक्ता काढून झटकला आणि उरलेला चौकोन तिच्याशेजारी धरला.

“हाच,” त्या म्हणाल्या. “उलट ह्याला मुंग्या येणार नाहीत.” मग त्या हसत सुटल्या, आणि आम्हीही. डोळे पुसत त्या भावजींना म्हणाल्या, “तक्ते हातानेच करत जा हं. छापखाना काही चहात ब्रश बुडवत नाही. मला हा रंग मिळालाच नसता.”

भावजी निळ्या मिशीने “तेच तर मी म्हणत होतो” म्हणाले. जाऊबाई आत जाऊन घोटायला बसल्या. मी इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं, जे कुणीतरी आधीच माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं, ते उचलून भावजींच्या हातात दिलं.

आता प्रत्येक तक्त्यात मोतियानंतर आणखी एक चौकोन असतो आणि त्याखाली मी नाव लिहिते, अहोसर. हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, “तो माझ्यावरून आहे.” लोकांना वाटतं, म्हातारा गंमत करतोय. मी काही बोलत नाही, कारण तो चौकोन वाळला की मला अजूनही ताडून बघावा लागतो. त्यासाठी मी ह्यांची खुर्ची टेबलासमोर, बरोब्बर खिडकीत ठेवलीय. चहा कपातूनच आणायचा, ह्या अटीवर. ते उन्हात बसून घोट घोट पितात, मध्येच उठायला लागतात, आणि मी ब्रश उगारून ओरडते,

“अहो, सरकू नका!”