पैलवानाचा घसा

उचगावच्या तालमीत विक्रमचं नाव निघालं की लोक आधी त्याच्या मानेबद्दल बोलत. मान कसली, झाडाचा बुंधाच! पण त्या मानेच्या आत जो घसा होता, त्यातून औषधाची साधी गोळी खाली उतरत नसे, हे फक्त त्याच्या आईला, मंगलला ठाऊक होतं. लहानपणी ती केळ्यात गोळी लपवायची आणि हा पठ्ठ्या केळं खाऊन गोळी तेवढी बाहेर काढायचा.

यंदा सरावात खांदा दुखावला आणि पंचाईत झाली. खानापूरच्या मैदानात त्याची कुस्ती ठरली होती, आयुष्यातली पहिली मोठी कुस्ती. बेळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर बजावलं की कुटून घ्यायच्या नाहीत. विक्रमने मनापासून प्रयत्न केले. पाणी पोटात जायचं आणि गोळी जिभेवरच राहायची. शेवटी मान खाली घालून तो पुन्हा डॉक्टरांपुढे उभा राहिला. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकारच. त्यांनी नवी चिठ्ठी लिहून त्याला अदितीच्या दुकानात धाडलं. ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे औषध ती स्वतः तयार करून द्यायची.

"गोळी गिळता येत नाही ना? मग तेच औषध पातळ करून देते," अदिती म्हणाली. "हे फक्त तुमच्या वजनाला, तुमच्या दुखण्याला. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. चव कुठली घालू?"

"आंब्याची घाला, म्याडम," एवढा मोठा गडी पुटपुटला.

औषध लागू पडलं, खांदा वळायला लागला. पण संध्याकाळचा डोस तालमीत घ्यावा लागे. औषधाची बाटली दिसली तर पोरं टर उडवतील, म्हणून विक्रमने अक्कल लढवली आणि ते सगळं थंडाईच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. तालमीत कुणाचाही खुराक एकट्याचा नसतो, हे तो जन्मभर बघत आला होता. नेमकं तेच विसरला.

त्याच्या जोडीला सराव करणारा सौरव घाम पुसत आखाड्यातून आला, बाटली उचलून तोंडाला लावणार, तोच विक्रमने झडप घालून ती हिसकावली. सगळे वळून बघू लागले. थंडाई नाकारणारा पैलवान उचगावात तोवर कुणी पाहिला नव्हता.

रवळू वस्ताद पुढे आले. "काय हाय रं त्यात? ताकदीचं कायतरी घेतोस व्हय? तरीच खांदा येवढ्यात बरा झाला! खरं सांग, न्हायतर खानापूरच्या कुस्तीतनं तुझं नाव आत्ताच काढतो."

विक्रमने बाटली छातीशी धरली. गप्प राहावं तर कुस्ती जाणार, सांगावं तर इज्जत. त्याने कुस्ती निवडली.

"खांद्याचं औषध हाय, वस्ताद. डॉक्टरनी दिलंय. मला... मला गोळी गिळता येत न्हाय."

सौरव पोट धरून खाली बसला. पोरांचा नुसता गलका उडाला. विक्रमला वाटलं, धरणी फाटावी आणि तिने आखाड्याच्या मातीसकट आपल्याला गिळावं.

"हसता काय? पळा! मळ्यापतोर जाऊन या सगळी!" वस्ताद कडाडले. तालीम रिकामी झाली. त्यांनी दार लोटलं, कडी घातली आणि मारुतीच्या तसबिरीमागून फडक्याची गाठोडी काढली. आत गोळ्या होत्या. पांढऱ्या, गुलाबी, काही पार काळपट पडलेल्या.

"गुडघ्याच्या," वस्ताद खाली बघत म्हणाले. "डॉक्टर देतोय, मी घेतोय म्हणतोय. एक बी खाली उतरत न्हाय बघ."

विक्रमला हसू फुटत होतं आणि भडभडूनही येत होतं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्याला तो घाबरला, तो माणूस त्याच्याच जातकुळीचा निघाला. त्याने गाठोडी हळूच बांधून वस्तादांच्या हातात दिली.

"बेळगावला जाऊया, वस्ताद. आधी डॉक्टर, मग त्या म्याडम."

"आत्ताच चल. गाडी मागच्या बोळातनं काढ."

"आणि खानापूरचं?"

"लढतोस तू," वस्ताद कडी काढत म्हणाले. "पर ह्यातलं कुणाम्होरं बोललास, तर तिथं तुझ्याशी पहिली कुस्ती मी धरीन."